रात्री गप्प बसणारा फ्रीज

डोंबिवलीत आमची इमारत रुळांपासून हाकेच्या अंतरावर आहे. पहाटे चारपासून मध्यरात्र उलटेपर्यंत लोकल ये-जा करतात, मधूनच एखादी मालगाडी खडखडत जाते, आणि या सगळ्यात आम्ही चौघं गाढ झोपतो. पण काही वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेल्या डबल डोअर फ्रीजनं माझी झोप घालवली. ओटा आणि दार यांच्यामध्ये तो मावेना म्हणून हॉलमध्ये आला, आणि हॉलमध्येच माझी गादी पडते. दिवसा त्याला आवाज आहे हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. रात्री अडीचला मात्र आधी ‘टक्क’, मग घरघर, घरघरीच्या वर पंख्याची बारीक सूं सूं, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी अंग झटकल्यासारखा थरथरून बंद. तो बंद झाला की मला जाग यायची, ही त्यातली गंमत. लोकल येते आणि जाते. हा खोलीतच मुक्कामाला होता.

दुकानदार म्हणाला होता, “ताई, आवाजच नाही.” खोटं नव्हतं ते. दुकानात फ्रीज चालूच नव्हता.

शेवटी तो नाशिकला नणंदेकडे गेला. तिचं स्वयंपाकघर वेगळं, मधे दोन भिंती; तिथे तो आजही कुणाला त्रास न देता चालतो आहे. आमच्याकडे १९० लिटरचा, एका दाराचा, गोल नॉबचा साधा फ्रीज आला. तेव्हापासून नात्यात कुणाला फ्रीज घ्यायचा झाला की फोन मला येतो, आणि मी पहिला प्रश्न कंपनीचा विचारत नाही. फ्रीज आणि उशी यांच्यामध्ये किती फूट अंतर आहे आणि किती दारं आहेत, हे विचारते. स्वतंत्र स्वयंपाकघर असेल आणि रात्री त्याचं दार लागत असेल, तर पुढचं बरंचसं तुम्ही सोडून दिलंत तरी चालेल. वन रूम किचन, स्टुडिओ फ्लॅट, पेइंग गेस्टची खोली, हॉलमध्ये फ्रीज, किंवा ज्या भिंतीला फ्रीज त्याच भिंतीच्या पलीकडे पलंगाचं डोकं, अशांसाठी हा लेख.

आवाज करतं तरी कोण?

फ्रीजमध्ये हलणारा मुख्य भाग एकच: मागे तळाशी बसलेला काळा डबा, म्हणजे कॉम्प्रेसर. तो गॅस दाबतो, दाबलेला गॅस जाळीतून जाताना उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, मग केसासारख्या बारीक नळीतून बर्फाच्या कप्प्याच्या नळ्यांमध्ये शिरतो आणि तिथे पुन्हा वायू होताना आतली उष्णता शोषून घेतो. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर एकाच वेगानं फिरतो, आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला साधारण २,९०० फेरे. घरघर ती याची. सुरू होताना रिलेचा ‘टक्क’ आणि बंद होताना आतल्या स्प्रिंगांवरचा धक्का, हेही याचंच.

साध्या एका दाराच्या फ्रीजमध्ये, ज्याला दुकानात ‘डायरेक्ट कूल’ म्हणतात, एवढंच यंत्र असतं. बर्फाचा कप्पा वर, थंड हवा जड म्हणून आपोआप खाली उतरते, गरम हवा वर चढते. पंखा नाही.

डबल डोअर म्हणजे बहुतेक वेळा ‘फ्रॉस्ट फ्री’. यात थंडावा देणाऱ्या नळ्या पडद्यामागे असतात आणि पंखा ती हवा सगळ्या कप्प्यांत ढकलतो. शिवाय नळ्यांवर साचलेला बर्फ ठरावीक तासांनी वितळवायला आत एक हीटर असतो. तो तापला की बर्फ तडतडतो, हीटरवर थेंब पडून चर्र होतं, प्लॅस्टिक आकुंचन-प्रसरण पावताना कडाड वाजतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आत काही फुटलं की काय असं वाटतं. हे सगळे आवाज निरोगी फ्रीजचे आहेत, मेकॅनिक बोलावून काही फायदा नाही. पण रात्री तीनला कान निरोगी-आजारी पाहत नाही.

फ्रीजचा शांतपणा हा वर चढवलेला गुण नसतो, आतून काढून टाकलेल्या कामांचा तो उरलेला भाग असतो. पंखा नसला तर पंख्याचा आवाज नाही, हीटर नसला तर तडतड नाही, बर्फाचे तुकडे आपोआप पाडणारं यंत्र नसलं तर मध्यरात्री ट्रेमध्ये ते कोसळत नाहीत. म्हणून शांत फ्रीज शोधणारा आणि साधा फ्रीज शोधणारा हे दोघे दुकानात सहसा एकाच कोपऱ्यात भेटतात. तो कोपरा मागे असतो. दर्शनी भागात दोन-तीन दारांचे, पाणी देणारे आणि मोबाइलशी बोलणारे फ्रीज असतात.

डायरेक्ट कूलची किंमत मोजावी लागते ती बर्फाच्या रूपात. कप्प्यात हिम साचतं आणि ते अधूनमधून वितळवावं लागतं. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात हवा दमट. दार उघडलं की ओलावा आत शिरतो आणि आठ-दहा दिवसांतच पांढरी भिंत उभी राहते. अकोला-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हेच काम महिन्यावर जातं. साधारण अर्धा सेंटिमीटर जाडी झाली की नॉबच्या मधलं बटण दाबायचं, रात्री झोपताना दाबलं तर उत्तम, कारण बर्फ वितळेपर्यंत कॉम्प्रेसर बंदच राहतो. पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये उतरतं. काही फ्रीजमध्ये ट्रे ओतावा लागतो, काहींत कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं ते उडून जातं. मटारचं पाकीट बर्फात रुतून बसलं म्हणून सुरी किंवा उलथनं घालून खरवडू नका. कप्प्याच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात, एक भोक पडलं की कप्पा गेला. हल्लीच्या फ्रीजमध्ये आर ६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. पर्यावरणाला तो जुन्या गॅसपेक्षा पुष्कळ बरा, पण जळणारा. प्रमाण थोडं असलं तरी गळतीला आमंत्रण कशाला?

डायरेक्ट कूलची एक बाजू कुणी सांगत नाही. पंख्याचा वारा नसल्यानं पदार्थ सुकतात कमी. निवडून ठेवलेली कोथिंबीर, कढीपत्ता, झाकण विसरलेली भाताची वाटी, मोड आलेली मटकी, हे सगळं फ्रॉस्ट फ्रीमध्ये लवकर कोरडं पडतं. उलट, ज्यांच्याकडे आंब्याचा रस डिसेंबरपर्यंत पुरवायचा असतो, हिवाळ्यात दहा किलो मटार सोलून भरायचे असतात किंवा मासे आठवडाभर ठेवायचे असतात, त्यांना एका दाराच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा अपुरा पडतो. तो लहान असतो, आणि फ्रीजचं दार उघडलं की त्यालाही वारा लागतो. अशा घरानं डबल डोअर घ्यावा आणि पंख्याशी जमवून घ्यावं. मी दोन्ही जातींचे फ्रीज वापरले आहेत. पाचपेक्षा जास्त माणसं असतील तर मीही डबल डोअरच घेईन, पण माझ्या गादीशेजारी नाही.

‘इन्व्हर्टर’ या शब्दाचा घोळ

दुकानात सर्वांत जास्त गैरसमज या एका शब्दानं होतो. माझ्या एका शेजारणीनं इन्व्हर्टर फ्रीज घेतला आणि पहिल्यांदा वीज गेली तेव्हा तो बंद पडला म्हणून कंपनीला फोन लावला. घरात बॅटरीवर चालतो तो इन्व्हर्टर वेगळा. फ्रीजमधला इन्व्हर्टर म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करणारं सर्किट. वीज गेली की तोही गप्प.

वेग बदलता येतो याचा झोपेशी थेट संबंध आहे. एकाच वेगाचा कॉम्प्रेसर रिक्षावाल्यासारखा: एकदम पूर्ण जोर, मग एकदम बंद, पुन्हा पूर्ण जोर. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर रात्री, दार उघडत नसताना, निम्म्याहून कमी वेगानं बराच वेळ चालत राहतो. आवाज बारीक असतो आणि मुख्य म्हणजे एकसारखा असतो. एकसारख्या आवाजाची कानाला सवय होते. त्रास होतो तो सुरू होण्याचा आणि थांबण्याचा. म्हणून शांतता हवी असेल तर माझी पसंती अगदी नेमकी आहे: एका दाराचा, डायरेक्ट कूल, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा. अशा जातीचे फ्रीज आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या कंपन्या बनवतात. आकार साधारण १८० ते २२० लिटर. साध्या कॉम्प्रेसरपेक्षा दोन-चार हजार जास्त पडतात आणि ते पैसे द्यावेत. बाकीच्या ‘फीचर’साठी देऊ नयेत.

अपवाद आहे. काही लोकांना, विशेषतः ज्यांचे कान उंच स्वराला तिखट आहेत त्यांना, इन्व्हर्टरची बारीक शिट्टीसारखी तान जाड घरघरीपेक्षा जास्त छळते. माझे सासरे त्यातले. त्यांच्यासाठी जुन्या पद्धतीचाच बरा. तुम्ही कोणत्या गटातले हे कळायला एकच उपाय आहे, तो पुढे सांगते.

इन्व्हर्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक पट्टी असते आणि व्होल्टेज फार खालीवर झालं तर आधी ती जाते. खोक्यावर ‘स्टॅबिलायझरशिवाय चालतो’ असं लिहिलेलं असतं, त्यासोबत व्होल्टेजचे दोन आकडे असतात, ते वाचा. शहरात सहसा निभावतं. गावाकडे, जिथे संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की दिवे पिवळे पडतात, तिथे त्या आकड्यांवर विसंबू नका. मात्र स्टॅबिलायझर घेतलात तर त्याचाही ‘टक-टक’ आवाज हिशेबात धरा. आमच्या ओळखीत एकानं शांत फ्रीज घेतला आणि त्याच्या डोक्यावर रिलेचा स्टॅबिलायझर लटकवला. आता रात्रभर स्टॅबिलायझर ऐकतो.

कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी असं मोठ्या अक्षरांत छापतात. ती त्या काळ्या डब्याचीच असते. इलेक्ट्रॉनिक पट्टी, गॅस भरणं, मेकॅनिकची फेरी यांचा खर्च बहुधा पहिल्या वर्षानंतर तुमचाच. हमीचं पान दुकानातच उघडून या तीन गोष्टी विचारा. उत्तर तोंडी नको, बिलावर लिहून घ्या.

लेबलावर असतं ते आणि नसतं ते

आपल्याकडच्या फ्रीजवर ऊर्जा दक्षता ब्युरोचं स्टारचं लेबल असतं. लोक तारे मोजतात आणि खालचा आकडा वाचत नाहीत. तो आकडा म्हणजे वर्षाला किती युनिट वीज. तारे आकारमानाच्या आणि प्रकाराच्या तुलनेत दिलेले असतात, त्यामुळे मोठा पाच स्टार हा लहान तीन स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. हिशेब सोपा आहे: दोन फ्रीजच्या वार्षिक युनिटांमधला फरक काढा, आपल्या बिलावरच्या दरानं गुणा. समजा फरक ५० युनिटांचा आणि दर १० रुपये. वर्षाला ५०० रुपये. दोन्ही फ्रीजच्या किमतीत चार हजारांचा फरक असेल तर तो वसूल व्हायला आठ वर्षं. आता ठरवा. लेबलावर त्याची मुदतही छापलेली असते. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात, तेव्हा गेल्या मुदतीचा चार स्टार आजच्या मोजपट्टीवर तीन भरू शकतो. दसरा-पाडव्याच्या सुटीत जुन्या मुदतीचा माल स्वस्तात निघतो. तो वाईट नसतो, पण कशामुळे स्वस्त आहे हे माहीत असावं.

या लेबलावर आवाजाचा मात्र एक शब्द नाही. युरोपात मार्च २०२१ पासून फ्रीजच्या ऊर्जालेबलावर डेसिबलचा आकडा आणि त्याची श्रेणी छापणं सक्तीचं आहे: ३० डेसिबलच्या खाली ए, ३० ते ३६ च्या आत बी, ३६ ते ४२ च्या आत सी, त्याहून वर डी. आपल्याकडे काही कंपन्या स्वतःहून आकडा देतात, बऱ्याच देत नाहीत. मिळाला तर कसा वाचायचा? डेसिबलची पट्टी सरळ नसते. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, आणि १० वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ३७ आणि ३८ मध्ये डोकं घालू नका, ३५ आणि ४२ मधला फरक मात्र झोपेत कळतो. दोन कंपन्यांनी एकाच पद्धतीनं मोजलं असेल तरच तुलना खरी. परदेशी लेबलावरचा आकडा यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण ध्वनीचा असतो, माहितीपत्रकातला कधी कधी एक मीटरवरून मोजलेला असतो आणि तो दिसायला लहान येतो. ‘सायलेंट’, ‘क्वाएट’ हे शब्द आकड्याशिवाय आले तर ते रंगाचं नाव समजावं.

दुसरी एक पाटी फ्रीजच्या मागे किंवा आत भाजीच्या ट्रेजवळ चिकटवलेली असते. तिच्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. ‘एन’ म्हणजे खोलीचं तापमान ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ म्हणजे ३८, ‘टी’ म्हणजे ४३. आपल्याला ‘टी’ हवा. देशी बनावटीच्या फ्रीजला तो बहुधा असतोच; बाहेरून आलेल्या स्वस्त छोट्या फ्रीजना कधी कधी नसतो. विदर्भात मे महिन्यात असा फ्रीज न थांबता धापा टाकत राहील, आणि मग आवाजाची तक्रार करण्यात अर्थ उरणार नाही.

छोट्या फ्रीजवरून आठवलं. होस्टेलवर राहणारी मुलं ४५-५० लिटरचा ‘मिनी’ फ्रीज घेतात, लहान म्हणजे शांत असेल या समजुतीनं. तसं नसतं. भिंती पातळ, आतली जागा थोडी, त्यामुळे कॉम्प्रेसर वारंवार सुरू होतो, आणि तो ठेवलेला असतो टेबलावर, कानापासून दोन हातांवर. हॉटेलच्या खोलीतला एकदम गप्प फ्रीज पाहून ज्यांना मोह होतो, त्यांच्यासाठी: त्यातल्या अनेकांत कॉम्प्रेसरच नसतो. स्वीडनमध्ये प्लातेन आणि मुन्टर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली शोधलेल्या पद्धतीवर ते चालतात. अमोनिया आणि पाणी तापवून थंडावा निर्माण करायचा, हलणारा भागच नाही. पूर्वी आपल्याकडेही रॉकेलवर चालणारे फ्रीज असत ते याच तत्त्वावर. शांतता संपूर्ण, पण वीज जास्त, थंडावा बेताचा, आणि आपल्या उन्हाळ्यात आणखी बेताचा. औषधं आणि पाण्याच्या बाटल्या यांच्यापुरता ठीक. दूध-दह्याच्या घरात तो चालणार नाही.

ऐकायचं कुठे?

दुकानात नाही. तिथे एसी, टीव्हीच्या भिंती, गाणी, आणि फ्रीज बंद. अगदी आग्रह करून चालू करून घेतलात तरी तो रिकामा आणि नुकता सुरू झालेला, म्हणजे पूर्ण जोरात असतो. तो आवाज घरातल्या रात्रीचा नव्हे. दुकानात करायच्या गोष्टी वेगळ्या. दार उघडून लावा, बाजूला बोटांनी टकटक करा, जाळ्यांचे कप्पे हलवा. खुळखुळतंय का? खाली कांदे-बटाट्यांचा जो कोरडा ड्रॉवर असतो तो ओढून पाहा. रुंद, पातळ, ढिला ड्रॉवर म्हणजे कॉम्प्रेसरच्या शेजारी बांधलेला ताशा. मला त्या ड्रॉवरचं आकर्षण कधीच कळलं नाही. कांदे-बटाटे टोपलीत चांगले राहतात. तो नसलेला, साध्या पायांचा फ्रीज मिळाला तर उत्तम. कप्पे काचेचे असले तर भांडी स्थिर बसतात, दारातल्या बाटल्यांच्या कप्प्याला आडवी पट्टी असली तर बाटल्या एकमेकींवर आपटत नाहीत.

खरं ऐकायचं ते दुसऱ्याच्या घरी. तुमच्या मनातलं मॉडेल, किंवा निदान त्याच जातीचं, नात्यात, शेजारी, ऑफिसात कुणाकडे तरी असतं. रात्री जेवणानंतर जा, पंखा आणि टीव्ही बंद करायला सांगा आणि पंधरा मिनिटं बसा. लोक हसतील, पण चहा देतात. याच भेटीत कळेल की तुम्ही घरघर सोसणाऱ्यांतले आहात की बारीक तान सोसणाऱ्यांतले. फ्रॉस्ट फ्री ऐकत असाल तर दार लावूनच ऐका. बहुतेकांत दार उघडलं की आतला पंखा थांबतो, आणि “बघा, आवाजच नाही” म्हणणारा माणूस नेमका दार उघडून दाखवतो.

घरी आल्यावर

फ्रीजचा आवाज खूपदा फ्रीजचा नसतोच. तो ज्याला टेकतो त्याचा असतो. मागची जाळी भिंतीला चिकटली, बाजू ओट्याच्या कडाप्प्याला लागली, पाठीमागचा पाण्याचा ट्रे नीट खाचेत बसला नाही, की साधी घरघर खडखड होते. हातानं दाबून बघा. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे दुखणं आहे. मागे चार बोटं आणि दोन्ही बाजूंना निदान दोन-तीन बोटं जागा सोडा, आणि माहितीपुस्तिकेत जास्त सांगितली असेल तर तेवढी. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजना मागे जाळी दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्याआड असते. म्हणून बाजू गरम लागतात. ते बिघडल्याचं लक्षण नाही. पण त्यांना कपाटात कोंबलं तर उष्णता निघत नाही, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, आवाज जास्त वेळ येतो.

शहाबादी फरशीच्या किंवा जुन्या मोझॅकच्या घरात जमीन सपाट नसते. पुढचे पाय फिरवून फ्रीज असा उभा करा की चारही पायांवर वजन आहे आणि दार अर्धवट सोडलं तर ते आपलं आपण लागतं. यासाठी पुढची बाजू किंचित उंच लागते. प्लॅस्टिकचं किंवा पोकळ लोखंडी स्टँड मला अजिबात पसंत नाही. थरथर वाढवायला पोकळ गोष्टीइतकं चांगलं काही नाही, तबला बघा. खाली ओल येते म्हणून उंची हवीच असेल तर जाड रबराचे तुकडे पायांखाली द्या. दोन भिंतींच्या कोपऱ्यात घुसवलेल्या फ्रीजची घरघर जास्त घुमते, शक्य असेल तर कोपरा टाळा. पलंगाचं डोकं ज्या भिंतीला आहे तिच्या पलीकडे तर ठेवूच नका. कमी पट्टीचा आवाज विटेतून सहज येतो.

डोक्यावर ठेवलेल्या वस्तू काढा. देवाची समई, स्टीलचे डबे, चाव्यांची बशी, विणलेल्या रुमालावर उभी फुलदाणी. माझ्या आईकडे महिनाभर ज्या आवाजानं सगळे हैराण होते, तो फ्रीजवरच्या चहाच्या डब्यात विसरलेल्या चमच्याचा निघाला.

आणलेला फ्रीज लगेच सुरू करू नका. प्रवासात आडवा-तिरका झाला असेल तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं. तो उभा करून काही तास तसाच राहू द्या. पहिल्या दिवशी तो जोरात आणि बराच वेळ चालेल, कारण आतली सगळी उष्णता काढायची आहे. नॉब मधल्या आकड्यावर ठेवा. आतलं तापमान ४-५ अंश पुरतं. उन्हाळ्यात एक आकडा पुढे, थंडीत एक मागे. कायम शेवटच्या आकड्यावर ठेवलेला फ्रीज थांबायचं नाव घेत नाही, आणि मग मालक म्हणतो, कंपनी बेकार. दाराच्या रबरात नोट अडकवून ओढून बघा. सहज निघून आली तर तिथून हवा आत जाते आहे. नव्या फ्रीजमध्येही हे होतं. बहुधा रबर घडी पडून आलेलं असतं आणि कोमट पाण्याच्या फडक्यानं शेकलं की सरळ होतं.

आठवडाभर ऐका. कॉम्प्रेसर थांबल्यावर मिनिटभर येणारी खळखळ म्हणजे नळ्यांत गॅस स्थिरावतोय, तिच्याकडे लक्ष देऊ नका. अधूनमधूनची एखादी कडकड, तीही सोडा. मात्र पत्र्यावर हातोडी मारल्यासारखा ठोका दर वेळी येत असेल, दर दोन-तीन मिनिटांनी ‘टक्क’ होऊन कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल, किंवा पंख्यासारखी खरखर दिवसेंदिवस वाढत असेल, तर तक्रार नोंदवा, आणि ती बदलून देण्याची मुदत संपायच्या आत नोंदवा. ऑनलाइन घेतला असेल तर ही मुदत फार थोड्या दिवसांची असते, कार्डबोर्डचं खोकं आणि थर्माकोल तोवर माळ्यावर जपा. तक्रारीआधी रात्रीच्या आवाजाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा, घड्याळ दिसेल असा. मेकॅनिक दुपारी बारा वाजता येतो, आणि तेव्हा फ्रीज हमखास गप्प असतो.